गाईचे समुद्रातले भाऊबंद आणि त्यांचे रोग

देवमासा हा मासा नव्हे, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तो पिलांना जन्म देतो, दूध पाजतो आणि श्वास घेण्यासाठी पाण्यावर येतो. पण हा प्राणी आपल्या गोठ्यातल्या गाईच्या कुळातला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, हरीण, उंट ही सारी सम खुरांची जनावरे. पाणघोडा हाही त्यांच्यातलाच. आणि आज जिवंत असलेल्या प्राण्यांत पाणघोड्याचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे देवमासे आणि डॉल्फिन. कोकणच्या किनाऱ्यावरचे कोळी ज्याला गादा म्हणतात तोच हा डॉल्फिन. गोव्यात मांडवीच्या मुखाशी आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल.

नाते केवळ हाडांचे नाही. समुद्रातल्या या भाऊबंदांना जो एक भयंकर रोग होतो, तो आपल्या गुरांच्या बुळकांडीचा आणि आपल्या मुलांच्या गोवराचा सख्खा भाऊ आहे. त्या रोगाशी लढण्याची साधने गाईला आणि डॉल्फिनला एकाच पूर्वजाकडून मिळाली. मात्र वाटेत डॉल्फिनच्या घराण्याने त्यांतले एक चांगले हत्यार गमावले. ते कसे हरवले, त्याची उणीव कशाने भरून निघते आणि कुठे निघत नाही, हे समजून घेतले तर आपल्या गोठ्यातल्या आणि घरातल्या रोगप्रतिकारशक्तीचेही पुष्कळ कळते.

आधी नात्याचा पुरावा पाहू. १८८३ साली विल्यम फ्लॉवर या इंग्रज शास्त्रज्ञाने देवमाशाच्या शरीररचनेवरून त्याचे नाते खुरांच्या जनावरांशी जोडले होते. देवमाशाचे पोट गाईसारखेच अनेक कप्प्यांचे असते, ही गोष्टही जाणकारांच्या नजरेतून सुटली नव्हती. पण खरा मजेदार पुरावा १९५० साली अमेरिकेत ॲलन बॉयडन आणि त्यांच्या सहकाऱ्याने दिला, आणि तो चक्क रोगप्रतिकारशक्तीच्या आधाराने. एका प्राण्याच्या रक्तातले पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, सशासारख्या दुसऱ्या प्राण्याला टोचले, तर सशाचे शरीर त्याला परका माल समजते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. मग सशाचे ते सीरम निरनिराळ्या प्राण्यांच्या सीरममध्ये मिसळायचे. मूळ प्राण्याचा जितका जवळचा नातलग, तितका काचनळीत साका जास्त. देवमाशाच्या बाबतीत सर्वांत जवळची ठरली ती सम खुरांची जनावरे. पुढे १९९० नंतरच्या दशकात जनुकांच्या तपासणीने हेच सांगितले आणि पाणघोड्याकडे बोट दाखवले. २००१ साली पाकिस्तानात सापडलेल्या पुरातन देवमाशांच्या घोट्याची हाडे प्रसिद्ध झाली. ती हुबेहूब सम खुरांच्या जनावरांच्या घोट्याच्या घडणीची होती. त्या वेळच्या देवमाशांना पाय होते.

या कथेचा मोठा भाग आपल्याच उपखंडात घडलेला आहे. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी हिमालय आजच्यासारखा उभा नव्हता. त्या भागात उथळ समुद्र होता. त्याच्या काठावर हे प्राणी जमिनीवरून पाण्यात उतरले. कच्छच्या खडकांतून अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी १९७२ आणि १९७५ साली पुरातन देवमाशांची वर्णने प्रसिद्ध केली. काश्मीरमधल्या कालाकोट येथे ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या खडकांची गोष्ट तर कादंबरीत शोभेल अशी आहे. त्यांनी १९७१ साली इंडोह्यूस नावाच्या मांजराएवढ्या, हरणासारख्या प्राण्याची नोंद केली. पुढे ते वारले आणि न फोडलेले खडक घरी पडून राहिले. त्यांच्या पत्नीने ते जपले आणि नंतर हान्स थेविसन या शास्त्रज्ञाकडे सोपवले. खडक साफ करताना एका कवटीचे कानाचे हाड चुकून तुटले, आणि आतली जाड घडण नेमकी देवमाशाच्या कानासारखी निघाली. हे २००७ साली प्रसिद्ध झाले. एका बाईने नवऱ्याचे दगड फेकून दिले नाहीत म्हणून देवमाशाच्या वंशावळीतले हरवलेले पान सापडले.

इथे कोणी विचारील, की फादर, हे उत्पत्तीच्या पुस्तकाशी कसे जुळायचे? पोप पायस बारावे यांनी १९५० सालच्या परिपत्रकातच शरीराच्या उगमाविषयी असे संशोधन करायला मोकळीक दिली होती. आत्मा मात्र थेट देवाकडून, ही शिकवण त्यांनी कायम ठेवली. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीचा सिद्धान्त आता केवळ तर्क राहिलेला नाही असे शास्त्रज्ञांना कळवले. तेव्हा या बाबतीत कोणी मनाला त्रास करून घेऊ नये, आणि आपण मूळ विषयाकडे वळू.

विषाणू हा एकटा काही करू शकत नाही. तो पेशीत शिरतो, तिथल्याच सामानावर आपल्या नकला काढतो आणि मग शेजारच्या पेशींवर तुटून पडतो. खुद्द प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस लागतात. मग तोपर्यंत शरीर काय करते? १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांना याचे उत्तर सापडले. विषाणू शिरलेली पेशी एक द्रव्य बाहेर सोडते. ते शेजारच्या पेशींपर्यंत पोचले की त्या सावध होतात. या द्रव्याला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले. गावात दरोडा पडला की पहिल्या घरातून आरोळी उठते, दवंडी पिटली जाते आणि बाकीची घरे दाराला अडसर लावतात, तसेच हे. दवंडी स्वतः चोराला पकडत नाही. ती ऐकून जे जागल्ये बाहेर पडतात ते पकडतात.

त्या जागल्यांपैकी एक लिंडेनमान यांनाच पुढे झ्युरिकमध्ये सापडला, तो उंदरांमुळे. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांना फ्लूचा विषाणू टोचला की ते मरत. पण ए-टू-जी नावाच्या एका वाणाचे उंदीर मरत नसत. १९६२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. जातिवंत वळूचा गुण वासरात उतरावा तसा हा गुण पिढ्यान् पिढ्या उतरत होता. त्यामागे एकच जनुक आहे असे ठरले आणि त्याला एमएक्स हे नाव मिळाले. आपल्यात आणि बहुतेक सस्तन प्राण्यांत अशी दोन जनुके शेजारी शेजारी असतात, एमएक्स-एक आणि एमएक्स-दोन. इंटरफेरॉनची दवंडी ऐकली की पेशी या जनुकांवरून प्रथिने बनवते. ती एकमेकांना जोडून कड्यासारखी होतात, विषाणूच्या सामानाभोवती घट्ट बसतात आणि त्याला नकला काढू देत नाहीत. पहिले फ्लू, गोवर वगैरे विषाणूंना अडवते. दुसरे एड्सच्या आणि नागिणीच्या कुळातल्या विषाणूंना.

नवल हे की प्रयोगशाळेतल्या बहुतेक उंदरांत हे जनुक मोडके निघाले, आणि रानातल्या उंदरांत शाबूत. अनेक वर्षे शास्त्रज्ञ मोडक्या जागल्याच्या उंदरांवर फ्लूचा अभ्यास करत होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हते. बंदिस्त पैदाशीत असे होते. एखादा गुण नाहीसा झालेला दिसत नाही, कारण त्याची परीक्षाच होत नाही. संकरित जनावरांची पैदास करताना दुधाचा आकडा पाहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

माणसात हा जागल्या किती कामाचा आहे, हे कोंबड्या पाळणाऱ्यांनी ऐकावे असे आहे. चीनमध्ये २०१३ पासून एच-सात-एन-नऊ नावाचा कोंबड्यांचा फ्लू माणसांना होऊ लागला. हजारो लोक कोंबड्यांच्या बाजारात रोज काम करत होते, पण आजारी पडले ते मोजकेच. असे का, हे शोधण्यासाठी आजारी पडलेल्यांची जनुके तपासली गेली. २०२१ साली निष्कर्ष आला: त्यांच्यांपैकी काहींच्या एमएक्स-एक जनुकात क्वचित आढळणारे दोष होते. अशा १७ बदलांपैकी १४ बदलांत जनुकाचे काम बंद पडलेले होते. म्हणजे पक्ष्यांचा फ्लू आणि माणूस यांच्यामध्ये जी कुंपणे आहेत, त्यांतले हे एक.

आता डॉल्फिनकडे येऊ. २०१५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात गिल बेजेरानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या सस्तन प्राण्यांची जनुके एकमेकांशी ताडून पाहिली. दातांच्या देवमाशांत, म्हणजे डॉल्फिन, ऑर्का वगैरेंच्या घराण्यात, ही दोन्ही जनुके मोडलेली निघाली. पुस्तकाची पाने फाटावीत, ओळी पुसल्या जाव्यात, वाक्य मध्येच तुटावे, तशी त्यांची अवस्था. चार जाती तपासल्या, चारींत तेच. ताडून पाहिलेल्या इतर ५६ सस्तन प्राण्यांत दोन्ही जनुके एकदम गेलेला एकही प्राणी नव्हता. आणि देवमाशांचे दुसरे घराणे, ज्यांना दात नसतात आणि जे टाळूच्या झालरीतून पाणी गाळून बारीक जीव खातात, त्यांच्यात ही जनुके शाबूत आहेत. दोन घराणी वेगळी झाली ३ कोटी ३० लाख ते ३ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी. त्यानंतर लवकरच दातांच्या घराण्याने हे हत्यार गमावले असा हिशोब निघतो.

का गमावले? याला दोन उत्तरे दिली जातात. एक असे, की मोडतोड अपघाताने झाली, थोड्या प्राण्यांच्या कळपात पसरली आणि पुढच्या पिढ्यांना तीच मिळाली. दुसरे उत्तर मला अधिक पटते. जागल्याला पोसायला खर्च येतो, आणि एखादा चोर जागल्याच्याच चावीने घरात शिरू लागला तर जागल्या नसलेले घर वाचते. त्या काळी अशी एखादी साथ आली असेल, की जिच्यात ही प्रथिने असणारे मेले आणि नसणारे जगले. साथ निघून गेली, पण जनुक परत येत नाही. फाटलेले पान वंशाच्या पोथीतून एकदा गेले की गेले. बेजेरानो आणि मंडळींनीही हेच सुचवले आहे, की या जनुकांची काहीतरी किंमत मोजावी लागत असली पाहिजे. नाहीतर दोन्ही एकाच घराण्यातून जाणार नाहीत.

उत्क्रांती म्हणजे एकामागून एक सुधारणा, असे आपण समजतो. ते खरे नाही. तिच्यात मिळकत असते तशी विक्रीही असते, आणि विकलेल्या जमिनीचा उपयोग दहा पिढ्यांनंतर कळतो.

मग हे प्राणी तीन कोटी वर्षे टिकले कसे? कारण संरक्षण एका जागल्यावर अवलंबून नसते. दवंडी आहे, तिला ओ देणारे दुसरे पुष्कळ आहेत. काही बाबतींत तर नवी घडणही झाली. रोगजंतूंची चाहूल घेणारी जी प्रथिने पेशीवर असतात, त्यांतल्या टीएलआर-चार या एका प्रथिनाचे जनुक चीनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली तपासले. जमीन सोडून पाण्यात येण्याच्या काळात आणि पुढे समुद्री डॉल्फिनच्या जाती फुटण्याच्या काळात ते झपाट्याने बदललेले दिसले. नव्या पाण्यात नवे जंतू, म्हणून पहारेकऱ्यांना नवी ओळख शिकावी लागली असणार.

आणि प्रतिपिंडे तर आहेतच. इथे गाईचे नाते पुन्हा समोर येते. माणसाच्या आईकडून बाळाला पोटात असतानाच प्रतिपिंडे मिळतात. गाईच्या वारेचे, म्हणजे जारेचे, थर असे असतात की आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वासरापर्यंत जात नाहीत. वासरू जवळजवळ निःशस्त्र जन्मते. त्याला सारे काही चिकातून मिळते, आणि तेही पहिल्या दिवसातच. कारण चोवीस तासांच्या सुमारास त्याचे आतडे प्रतिपिंडे जशीच्या तशी रक्तात घेणे बंद करते. डॉल्फिनची वार गाईसारख्याच घडणीची असते. त्यामुळे तिच्या पिलालाही पहिल्या दुधाचे मोल फार. समुद्रात, पाण्याखाली, आईच्या कुशीला लागून पोहत ते पिते.

पुष्कळ घरी अजून असे मानतात की जार पडेपर्यंत वासराला चीक पाजू नये. हे चुकीचे आहे. जार पडायला कधी आठ तासही लागतात, आणि तोपर्यंत वासराचे सोन्याचे तास निघून जातात. पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे, आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका तरी. खरवस अवश्य करावा. पण वासराचे पोट भरल्यावर.

आता त्या रोगाविषयी. बुळकांडी हा शब्द आज तिशीच्या आतल्या शेतकऱ्याने क्वचितच ऐकला असेल. ताप, डोळ्यांतून पाणी, तोंडात चट्टे आणि मग घाण वासाची हगवण. आठ-दहा दिवसांत जनावर जायचे आणि महिन्याभरात गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. या रोगापायीच ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली. असे संसर्गी जंतू वस्तीपासून दूर हाताळावेत म्हणून ती १८९३ साली कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. पुढे तिथे लस तयार झाली. १९५४ पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालली, १९९५ साली भारतातला शेवटचा उद्रेक झाला, २००६ साली देश या रोगापासून मुक्त जाहीर झाला आणि २०११ साली साऱ्या जगातून बुळकांडी संपल्याची घोषणा झाली. माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला देवीनंतरचा हा दुसरा रोग.

पण त्याचे भाऊ जिवंत आहेत. माणसाचा गोवर, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर, कुत्र्याचा डिस्टेंपर हे एकाच कुळाचे. १९८८ साली उत्तर युरोपच्या समुद्रात सुमारे अठरा हजार सील मेले तेव्हा त्या कुळातला सीलचा विषाणू सापडला, आणि त्याच सुमारास आयर्लंडच्या किनाऱ्यावर मेलेल्या पॉरपॉइज नावाच्या लहान डॉल्फिनसारख्या प्राण्यांत देवमाशांच्या घराण्याचा विषाणू. १९९० च्या उन्हाळ्यात स्पेनच्या वॅलेन्सियाजवळ पट्ट्यांचे डॉल्फिन किनाऱ्याला लागू लागले. दोन वर्षांत ही साथ इटलीवरून ग्रीसपर्यंत गेली. किनाऱ्याला लागलेली शवेच हजाराच्या वर होती. खोल समुद्रात बुडालेल्यांची मोजदाद कोण करणार?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर याच्याही आधी, १९८७-८८ साली, सातशेहून अधिक डॉल्फिन मेलेले सापडले होते. प्रथम दोष समुद्रातल्या लाल शेवाळाच्या विषाला दिला गेला. काही वर्षांनी राखून ठेवलेले फुफ्फुसाचे व मेंदूचे तुकडे पुन्हा तपासले तेव्हा खरा गुन्हेगार हा विषाणू निघाला. पंचवीस वर्षांनी, २०१३ ते २०१५ या काळात, त्याच किनाऱ्यावर तो पुन्हा आला आणि सोळाशेहून अधिक डॉल्फिन घेऊन गेला.

पंचवीस वर्षेच का? इथे गोवराचा अनुभव उपयोगी पडतो. या कुळातला रोग होऊन जो वाचतो, त्याला तो सहसा जन्मभर पुन्हा होत नाही. १९८८ नंतर वाचलेले डॉल्फिन सुरक्षित होते. त्यांच्या पिलांना दुधातून काही महिन्यांचे संरक्षण मिळाले, आणि ते संपले. पुढची पिढी रोग न पाहताच मोठी झाली. जुने जाणते एकेक करून मेले, कोरे वाढत गेले, आणि ठिणगी पडली तेव्हा सारे रान वाळलेले होते. डॉल्फिन कळपाने राहतात, एकमेकांच्या जवळ वर येऊन जोराने श्वास सोडतात, आणि तेच तुषार शेजारी ओढून घेतो. खोल समुद्रातल्या पायलट व्हेल नावाच्या जातीत मात्र बहुतेकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळतात. त्यांचे कळप इतके मोठे की विषाणू त्यांच्यात सतत फिरत राहतो आणि एकदम वणवा पेटत नाही. गावातल्या थोड्या मुलांना गोवराची लस टोचली नाही तर लगेच काही होत नाही. पाच-सात वर्षे अशी मुले साठत गेली की मग एकदम साथ येते, त्याचे कारण हेच. पीपीआरची लस यंदा टोचली आणि पुढच्या तीन वर्षांची करडे तशीच ठेवली, तरी हाच प्रकार होतो.

आणखी एक गोष्ट या कुळातल्या सगळ्या रोगांत आहे. विषाणू प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींवरच घाला घालतो. म्हणून गोवर बरा झाल्यावर मूल न्यूमोनियाने वा हगवणीने जाते. डॉल्फिनच्या शवातही फुफ्फुसात बुरशी आणि इतर जंतू माजलेले सापडतात. गोवराची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, अशी दोनदा द्यायची असते. एकदा दिली आणि विसरले, असे करू नये.

एमएक्स शाबूत असते तर डॉल्फिन वाचले असते का? असे सरळ म्हणता येत नाही. गाईत ही जनुके चांगली असूनही बुळकांडीने गोठे ओस पाडलेच. जागल्या असला म्हणजे दरोडा पडत नाही असे नाही; पण गाव सावध व्हायला वेळ मिळतो. डॉल्फिनला तो वेळ कमी मिळत असावा, एवढेच म्हणणे योग्य.

त्या कमी वेळात माणसाने आणखी भर घातली आहे. विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वगैरे वापरलेली पीसीबी नावाची रसायने समुद्रात जाऊन चरबीत साठतात, आणि आईच्या दुधातून पिलाकडे उतरतात. १९९० च्या साथीत मेलेल्या भूमध्य समुद्रातल्या डॉल्फिनच्या चरबीत ती फार आढळली. यावर हॉलंडमध्ये सीलवर दीर्घ प्रयोग झाला: २२ सीलचे दोन गट केले, एकाला बाल्टिकमधले दूषित हेरिंग मासे आणि दुसऱ्याला अटलांटिकमधले त्या मानाने स्वच्छ मासे, असे दोन वर्षांहून अधिक काळ खायला घातले. दूषित मासे खाणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशींची मारकशक्ती खालावली. खाऊन पिऊन धष्टपुष्ट दिसणारे जनावर आतून दुबळे होऊ शकते, हे त्यावरून दिसले.

आणि शेतकऱ्यांनी एवढेही ऐकावे. २०१८ साली आणखी एक हरवलेले जनुक उघडकीला आले, पीओएन-एक नावाचे. ते विषाणूंसाठी नाही. आपल्या रक्तात ते क्लोरपायरीफॉससारख्या कीटकनाशकापासून बनणारे विष फोडून टाकते. वाळवीसाठी आपण वापरतो तेच हे औषध. देवमासे, डॉल्फिन, समुद्रगाई यांच्यात हे जनुक मोडलेले आहे. त्यांनी ते गमावले तेव्हा जगात कीटकनाशके नव्हती. आज आपल्या बांधावरचे पाणी ओढ्याला, ओढ्याचे नदीला आणि नदीचे समुद्राला मिळते. फवाऱ्याचा पंप ओढ्यात धुण्याची सवय म्हणूनच सोडावी. ओढ्यावर आपली गुरेही पाणी पितात.

समुद्रात लस टोचायला कोण जाणार, असे वाटेल. डॉल्फिनला कोणी जात नाही. पण हवाई बेटांवर राहिलेल्या सुमारे दीड हजार मंक सीलसाठी २०१६ साली अमेरिकेने हा उद्योग सुरू केला. वाळूवर झोपलेल्या सीलला लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या सुईने टोचायचे, आणि काही आठवड्यांनी तोच सील शोधून पुन्हा टोचायचे. रानटी समुद्री सस्तन प्राण्यांना अशी लस देण्याचा हा पहिलाच प्रयत्न.

नवे संकटही दारात आहे. २००६ साली नवापूरला कोंबड्यांचा जो बर्ड फ्लू आला, त्याच एच-पाच-एन-एक कुळाचा विषाणू मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लॉरिडातल्या एका डॉल्फिनच्या मेंदूत सापडला, आणि त्याच वर्षी स्वीडनमध्ये एका पॉरपॉइजमध्ये. २०२३ साली चिलीच्या किनाऱ्यावरही त्याने डॉल्फिन मारले. मार्च २०२४ मध्ये तो अमेरिकेत दुभत्या गाईंच्या सडात पोचल्याचे उघड झाले. ज्या घराण्याने फ्लूविरुद्धचा जागल्या तीन कोटी वर्षांपूर्वी गमावला, त्याच्यासमोर आता फ्लूच उभा आहे.

गोव्यात किंवा कोकणात समुद्रकाठी राहणाऱ्यांनी म्हणून एक करावे. किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन वा देवमासा जिवंत असो की मेलेला, त्याला उघड्या हाताने शिवू नये, जवळ जाऊन त्याचा श्वास अंगावर घेऊ नये, कुत्र्यांना व मुलांना लांब ठेवावे. त्याचे मांस किंवा चरबी घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हाही आहे. ताबडतोब वनखात्याला कळवावे. शव ताजे असले तरच फुफ्फुस, मेंदू यांचे तुकडे तपासणीला घेता येतात. दोन दिवस उन्हात पडले की त्यातून कोणालाच काही कळत नाही.